निनावी साक्ष : पुणे १८९७ व आर्मेनिया १९१६

दूरदेशच्या लोकांचे हाल ऐकून परक्या राष्ट्रांनी सभा भरवाव्यात, वर्गण्या जमवाव्यात आणि आपापल्या सरकारांस जाब विचारावा, असे गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा घडले आहे. आर्मेनियन लोकांचे उदाहरण या बाबतीत सर्वात ठळक होय. इ. स. १८९४ ते १८९६ या काळात उस्मानी तुर्की साम्राज्यात त्यांच्या कत्तली झाल्या, तेव्हा शहाऐंशी वर्षांचे वृद्ध ग्लॅडस्टन २४ सप्टेंबर १८९६ रोजी लिव्हरपूलच्या सभेत त्यांच्या बाजूने बोलावयास उभे राहिले. त्याच वर्षी अमेरिकेच्या रेडक्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन साहाय्य घेऊन कॉन्स्टँटिनोपल येथे गेल्या. पुढे १९१५ साली त्याहून भयंकर अनर्थ ओढवला, तेव्हा अमेरिकेत स्थापन झालेल्या साहाय्यसंस्थेने १९३० पर्यंत अकरा कोटी डॉलरांहून अधिक निधी जमविला आणि सव्वा लाखांवर अनाथ मुलांचा सांभाळ केला. या करुणेची वर्णने पुष्कळ झाली आहेत. परंतु ही करुणा ज्या साक्षीवर उभी राहिली ती साक्ष कोणाची होती, कोणत्या रूपाने जगापुढे आली आणि पुढे तिचे काय झाले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचा आहे. तो विचारू जाता आपल्या घरचेच एक प्रकरण डोळ्यांपुढे उभे राहते. त्या दोहोंची एकत्र चिकित्सा करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पुण्याचे प्रकरण

ज्या सप्टेंबर महिन्यात लिव्हरपूलची ती सभा झाली, त्याच महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. वर्ष संपते न संपते तोच साथ पुण्यास पोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला, रँड यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात प्लेगसमिती नेमली गेली आणि मार्च महिन्यात गोऱ्या शिपायांच्या तुकड्यांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. देवघरात व माजघरात बुटांसकट शिरणे, सामान रस्त्यावर टाकणे वा जाळणे, स्त्रियांची चव्हाट्यावर तपासणी करणे, या तक्रारी तत्कालीन वृत्तपत्रांतून व अर्जांतून आढळतात. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलै रोजी मरण पावले.

या वेळी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते गेले होते आणि त्यांचे वय अवघे एकतीस होते. पुण्याहून विश्वासू मंडळींची पत्रे त्यांस येत असत. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन' पत्रास मुलाखत दिली आणि तीत असा आरोप केला की, शिपायांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला व त्यांपैकी एकीने पुढे आत्महत्या केली. पार्लमेंटात खळबळ उडाली. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबई सरकारच्या आधारे आरोप साफ नाकारला. गोखले स्वदेशी परतले तेव्हा पुराव्याची मागणी त्यांच्यापुढे उभीच होती. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत. नावांवाचून आरोप सिद्ध होणे अशक्य होते. त्यांनी आरोप बिनशर्त मागे घेतला आणि गव्हर्नर, प्लेगसमिती व शिपाई या सर्वांची माफी मागितली. त्या माफीचा डाग त्यांच्या लौकिकास पुढे कित्येक वर्षे चिकटून राहिला.

या प्रकरणाविषयी मराठीत दोन ठरीव निकाल ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, माफी मागितली त्या अर्थी आरोप खोटा होता. दुसरा म्हणतो, आरोप खरा होता, केवळ गोखल्यांचे धैर्य खचले. आमच्या मते हे दोन्ही निकाल एकाच चुकीतून निघाले आहेत. आरोप सिद्ध करता न येणे आणि आरोप असत्य असणे या दोन भिन्न वस्तू आहेत. नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे हेतू असिद्ध आहे. पण त्यावरून साध्याचा अभाव सिद्ध होत नाही. धुराचा निश्चय झाला नाही, एवढ्यावरून डोंगरावर अग्नी नाही असे कोणताही नैयायिक म्हणणार नाही. आणि तो आहेच असेही म्हणणार नाही.

२. नाव दिल्याने काय झाले

नाव द्या म्हणजे विश्वास ठेवू, असे सरकारचे म्हणणे होते. वरवर पाहता ते न्याय्य दिसते. परंतु ज्यांनी आपली नावे दिली त्यांचे त्याच वर्षी काय झाले, हे पाहिल्यावाचून त्या म्हणण्याची किंमत ठरविता येत नाही.

पंडिता रमाबाई यांनी 'बॉम्बे गार्डियन' या मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात आपल्या सहीनिशी पत्र प्रसिद्ध करून, पुण्याच्या प्लेगव्यवस्थेत तरुण स्त्रियांच्या संरक्षणाची कशी हेळसांड होते याविषयी तक्रार केली. रमाबाई या कोणी सरकारद्वेष्ट्या नव्हत्या. त्या ख्रिस्ती झालेल्या होत्या. अमेरिकेत त्यांच्या कार्यास द्रव्य पुरविणारी संस्था होती. विद्वत्तेविषयी म्हणावे तर कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिलेल्या होत्या. इतके असूनही गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे अयथार्थ ठरविले.

दुसरे उदाहरण सरदार नातू बंधूंचे. बाळासाहेब नातू यांनी झडत्यांतील गैरप्रकारांविषयी अधिकाऱ्यांकडे आपल्या नावाने तक्रारी केल्या होत्या. जुलै १८९७ च्या अखेरीस बाळासाहेब व तात्यासाहेब या दोघांही बंधूंस १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली अटकेत टाकण्यात आले. त्यांच्यावर खटला चालला नाही आणि त्यांच्याविरुद्धच्या पुराव्याची उघड छाननी झाली नाही.

तेव्हा स्थिती अशी होती की, निनावी बोलणाऱ्यास नाव विचारावयाचे, नावानिशी बोलणाऱ्यावर विश्वास ठेवावयाचा नाही, आणि नावानिशी तक्रार करणारा घरी सुरक्षित राहील याची हमी नाही. त्यातून अब्रूचा प्रश्न. ज्या दोन स्त्रियांविषयी आरोप होता, त्यांचे अथवा त्यांच्या घराण्याचे नाव उच्चारणे म्हणजे त्या काळच्या पुण्यात त्या घराण्यावर दुसरा घाव घालणे होते. अशा स्थितीत पत्रलेखकांनी नावे झाकण्याचा आग्रह धरला असेल तर ते केवळ भित्रेपण म्हणता येत नाही. नाव झाकण्यास सबळ कारण होते, ही गोष्ट चिकित्सकाने प्रथम नोंदली पाहिजे.

३. एकोणीस वर्षांनंतर

आता दुसऱ्या प्रकरणाकडे वळू. आर्मेनियन लोक मुंबईकरांस अगदीच अपरिचित नव्हेत. कोटातील त्यांचे सेंट पीटरचे चर्च १७९६ सालचे आहे आणि आर्मेनियन भाषेतील पहिले नियतकालिक १७९४ मध्ये मद्रासेत छापले गेले. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपल येथे त्यांच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि पुढे आनातोलियातील गावेच्या गावे सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली गेली. वाटेत झालेल्या कत्तलींनी, उपासमारीने व रोगराईने लाखो माणसे मेली. १९१६ साली ब्रिटिश सरकारने या विषयावरील कागदपत्रांचा एक मोठा ग्रंथ पार्लमेंटपुढे ठेवला. तो लॉर्ड ब्राइस यांच्या नावाने निघाला व त्याचे संपादन त्या वेळी सत्तावीस वर्षांच्या असलेल्या आर्नॉल्ड टॉयन्बी यांनी केले. मिशनरी, अमेरिकन वकिलातींतील अधिकारी, परिचारिका, प्रवासी व स्वतः जगलेवाचलेले आर्मेनियन यांच्या साक्षी त्यात स्थळवार लावलेल्या आहेत.

या ग्रंथाचा प्रस्तुत विषयाशी असलेला संबंध असा की, त्यातील अनेक साक्षी निनावी आहेत. कित्येक ठिकाणी माणसांचीच नव्हे तर गावांचीही नावे गाळून त्यांजागी अक्षरे घातलेली आहेत. कारण संपादकांनी स्पष्ट सांगितले आहे: हे साक्षीदार अथवा त्यांचे आप्त तुर्की अमलाखाली होते आणि नाव छापणे म्हणजे त्यांच्या जिवास धोका करणे होते. म्हणजे पुण्याच्या पत्रलेखकांचे जे कारण, बहुतांशी तेच हे कारण.

येथे वाचकाने थबकून विचार करावा. १८९७ साली ज्या पार्लमेंटात निनावी साक्ष टाकाऊ ठरली, त्याच पार्लमेंटपुढे १९१६ साली सरकारने स्वतः निनावी साक्षींचा ग्रंथ ठेवला आणि त्यावर जगाने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा केली. फरक कोठे पडला? पहिल्या प्रकरणी आरोपी स्वतःचे शिपाई होते; दुसऱ्या प्रकरणी आरोपी युद्धातील शत्रू होता. साक्षीची कसोटी साक्षीच्या गुणावर न ठरता आरोपी कोण यावर ठरली.

परंतु एवढे म्हणून थांबणे हेही एकांगी होईल, कारण हाच दोष आपल्याकडेही घडला आहे. १९२० साली मौलाना महंमद अली यांच्या नेतृत्वाखाली विलायतेस गेलेल्या खिलाफत शिष्टमंडळाने आर्मेनियन कत्तलींच्या हकीकतींविषयी शंका घेतली आणि आंतरराष्ट्रीय चौकशीची मागणी केली. चौकशी मागणे गैर नव्हते. तथापि ज्या देशातील साक्ष विलायतेत पुराव्याअभावी धुडकावली गेली होती, त्याच देशाचे प्रतिनिधी आता दुसऱ्या एका पीडित समाजाकडे संशयाने पाहत होते. कारण या वेळी आरोपी त्यांच्या आदराचा खलीफा होता. पीडितांविषयीची सहानुभूती ही पीडा करणाऱ्याच्या नावावर अवलंबून असते, हे कटू सत्य दोन्ही बाजूंस लागू आहे.

४. किल्लीचे महत्त्व

आता दोन प्रकरणांतील खरा भेद सांगतो. ब्राइस-टॉयन्बी यांनी नावे झाकली, पण ती टाकून दिली नाहीत. कोणत्या अक्षरामागे कोणते गाव, कोणत्या निनावी साक्षीमागे कोणता माणूस, याची एक स्वतंत्र किल्ली त्यांनी छापून गुप्त ठेविली. ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वी तो गिल्बर्ट मरे व फिशर या विद्वानांस आणि मूरफील्ड स्टोरी या अमेरिकन कायदेपंडितांस परीक्षणार्थ दाखविला.

या सावधगिरीचे फळ लगेच मिळाले नाही. ब्राइस यांच्याच नावाने १९१५ साली बेल्जममधील जर्मन अत्याचारांचा एक अहवाल निघाला होता. त्यातील साक्षीदारांचीही नावे दिलेली नव्हती. युद्ध संपल्यावर त्या जबान्यांचे मूळ कागद शोधकांच्या हाती लागले नाहीत आणि अहवालाची पत ओसरली. तिचा कलंक आर्मेनियन ग्रंथासही लागला. शिवाय तो ग्रंथ युद्धकालीन प्रचारखात्यासाठी तयार झाला होता, हे खरेच होते. तुर्की पक्षाने या दोन मुद्द्यांवर तो सतत फेटाळला. २००५ सालीदेखील तुर्की संसदेने ब्रिटिश पार्लमेंटास पत्र लिहून त्या ग्रंथाचा त्याग करण्याची मागणी केली. परंतु तोवर किल्ली उघडली गेली होती. आरा साराफियान यांनी २००० साली त्या ग्रंथाची गाळलेली नावे भरून नवी आवृत्ती काढली, आणि झाकलेली नावे कल्पित नव्हती हे वाचकास पाहता आले. कित्येक कागदांच्या मूळ प्रती अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याच्या दप्तरात मिळतात; अमेरिका त्या वेळी तटस्थ होती. तुर्कस्तानचा दोस्त असलेल्या जर्मनीच्या परराष्ट्रखात्याचे कागद योहानेस लेप्सिउस यांनी १९१९ मध्ये छापले. तेही तेच सांगतात. १९१९-२० मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे खुद्द उस्मानी लष्करी न्यायालयांपुढे खटले चालले.

पुण्याच्या प्रकरणी अशी किल्ली नव्हती. गोखल्यांच्या हाती पत्रे होती. परंतु आरोप उच्चारण्यापूर्वी साक्षीदाराचे नाव व मूळ जबानी कोणा त्रयस्थ विश्वासू गृहस्थाकडे मोहोरबंद ठेवावी, अशी व्यवस्था झाली नाही. म्हणून नाव उघड करणे किंवा आरोप मागे घेणे, हे दोनच मार्ग उरले. पहिल्याने साक्षीदाराचा घात झाला असता; दुसऱ्याने साक्षीचा झाला. त्यांनी स्वतःचा लौकिक पणास लावून साक्षीदारांस वाचविले, ही बाजू त्यांच्या टीकाकारांनी फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

५. शास्त्रदृष्टी

आमच्या प्राचीनांनी साक्षीचा विचार सूक्ष्मपणे केला आहे. नारदस्मृतीत साक्षीदारांचे अकरा प्रकार सांगितले असून त्यांत गूढसाक्षी हा एक आहे. नावावरून कोणास वाटेल की हाच निनावी साक्षीदार. पण तसे नाही. गूढसाक्षी म्हणजे आडोशास बसून प्रतिवादीचे बोलणे ऐकणारा. न्यायसभेपुढे तो प्रकटच असतो. साक्षीदार स्वतः भयामुळे सभेपुढे येऊ शकत नाही आणि आरोपी हाच सत्ताधारी आहे, या आधुनिक प्रसंगास त्या वर्गीकरणात सरळ जागा नाही.

तथापि न्यायशास्त्रात आप्ताचे जे लक्षण वात्स्यायनाने केले आहे ते येथे फार उपयोगी पडते. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांस समान आहे, असे भाष्यकार मुद्दाम सांगतो. म्हणजे साक्षीचे प्रामाण्य जातीवर, धर्मावर किंवा राष्ट्रावर अवलंबून नाही. अमेरिकन मिशनरी असो, जर्मन पाद्री असो वा शनिवारपेठेतील गृहस्थ असो, विचारावयाचे ते हेच दोन प्रश्न: याने पाहिले काय, आणि पाहिले तसे सांगितले काय?

या दोन प्रश्नांच्या जोडीस निनावी साक्षीपुरत्या चार कसोट्या आम्ही सुचवितो. नाव कोणी झाकले व कोणत्या भयाने? झाकणाऱ्यास ते नाव स्वतः ठाऊक होते काय? मूळ कागद व नावाची किल्ली कोठे राखली गेली काय? आणि विरुद्ध हितसंबंध असलेल्या दुसऱ्या मुखाने त्यास पुष्टी मिळते काय? आर्मेनियन साक्ष आज या चारही कसोट्यांस उतरते. म्हणून तिच्याविषयी संशय धरून बसण्यास आता आधार उरला नाही. पुण्याचा आरोप पहिल्या कसोटीस पुरता व दुसरीस बऱ्याच अंशी उतरतो. तिसऱ्या व चौथ्या कसोटीस उतरत नाही. म्हणून झडत्यांतील सर्वसाधारण गैरप्रकार अनेक हातच्या कागदांवरून मान्य करावेत. त्या दोन स्त्रियांचे विशिष्ट प्रकरण मात्र असिद्ध या सदरात ठेवावे, असत्य या सदरात नव्हे. व्याख्यानांतून ते सिद्ध म्हणून सांगणे जसे अयोग्य, तसेच माफीपत्राकडे बोट दाखवून ते घडलेच नाही म्हणणेही अयोग्य.

६. आपले कर्तव्य

आमच्या त्र्यंबकेश्वरी नावाचे महत्त्व कोणास सांगावयास नको. येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत दूरदूरच्या घराण्यांच्या पिढ्या नावानिशी लिहिलेल्या आहेत. ती वही बाजारात मांडावयाची वस्तू नव्हे. घराण्यातील कोणी आला म्हणजे त्याचे पान उघडते. आणि ज्यांचे नावगोत्र कळत नाही, जे दुर्मरणाने गेले, त्यांस शास्त्राने वाऱ्यावर सोडलेले नाही. अज्ञातास काश्यप गोत्र लावावे असा संकेत आहे, आणि दुर्मरणाने गेलेल्यांसाठी नारायणबळीचा स्वतंत्र विधी याच क्षेत्री होतो. म्हणजे नाव असणाऱ्याची व नसणाऱ्याची, दोघांचीही व्यवस्था आहे. मात्र दोहोंचे विधी निराळे आहेत. इतिहासानेही हेच करावे. निनावी साक्षीस नावाच्या साक्षीबरोबर एका पंक्तीस बसवू नये. पण तिला दाराबाहेरही ठेवू नये.

यावरून संशोधनसंस्थांनी करावयाची एक गोष्ट निघते. नाशिक व पुणे प्रांतांतील जुन्या घरांत प्लेगच्या वर्षांची खासगी पत्रे, टिपणे व रोजखर्डे माळ्यांवर पडून आहेत. घराण्याच्या अब्रूस बाध येईल या भीतीने कित्येक ठिकाणी ती दाखविली जात नाहीत. आणि वाडा पाडावयाची वेळ आली म्हणजे मोडी न वाचता येणाऱ्या पिढीच्या हातून रद्दीत जातात. अशा घराण्यांस मंडळाने लेखी हमी द्यावी की, मूळ कागद मंडळाच्या दप्तरी राहील, प्रसिद्ध प्रतीत नावे झाकली जातील, आणि नावांची किल्ली ठरलेल्या मुदतीपर्यंत मोहोरबंद ठेवून त्या मुदतीनंतरच अभ्यासकांस खुली होईल. अशी व्यवस्था असती तर १८९७ च्या कित्येक साक्षी आज आपल्या हाती असत्या. हे केवळ जुन्या काळापुरते नव्हे. ज्यांस आज नावानिशी बोलवत नाही अशी माणसे आपल्याही काळात आहेत, आणि त्यांचे कागद पुढच्या शतकास लागणार आहेत.

१८९७ सालच्या त्या दोन स्त्रियांविषयी इतिहासास होय अथवा नाही असे सांगता येत नाही. आर्मेनियन स्त्रियांविषयी मात्र ते आज सांगता येते. या भेदाचे कारण त्यांच्या दुःखाच्या कमीअधिकपणात नाही, परक्यांनी दाखविलेल्या कळवळ्यातही नाही. एका ठिकाणी कोणी तरी नावांची यादी जपून ठेवली आणि दुसऱ्या ठिकाणी ती ठेवली गेली नाही, एवढेच त्याचे कारण आहे. यादी जपणे हे काम संशोधनमंडळाच्या आवाक्यातले आहे. ते त्याने हाती घ्यावे, अशी प्रस्तुत लेखकाची विनंती आहे.